पदक शोकेसमध्ये, प्रमाणपत्र फायलीत!

‘पोरीच्या जातीनं खेळून काय मिळणार?’ चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणाऱ्या आयाही मला हेच विचारतात. मार्च २०२४ मध्ये पिंपरीत, नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय हॉकी स्पर्धेची अंतिम लढत रंगली. हरियाणा जिंकलं, आपल्या महाराष्ट्राच्या मुली हरल्या. हळहळ वाटलीच, पण रौप्यपदक काही कमी नाही! आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र स्पर्धा शासनमान्य हवी, प्रमाणपत्राची पडताळणीही करून घ्यावी लागते. अनेक मुली इथंच मागं पडतात. म्हणून मैत्रिणींनो, लेक हॉकी खेळो की बेसबॉल, सामन्याआधीच जिल्हा क्रीडा कार्यालयात चौकशी करा. तिचा घाम वाया जायला नको.