परीक्षा की कुचेष्टा?

बिनतारी संदेश हा बंद पाकिटातील पत्रासारखा नसतो. पत्र ज्याच्या नावाचे, त्याच्याच हाती पडते. परंतु रेडिओलहरी चहूकडे पसरतात आणि ज्याच्यापाशी योग्य ग्राहकयंत्र असेल, त्या कोणालाही सापडतात. त्यामुळे बिनतारी विद्येच्या हौशी अभ्यासकांना एक मोह नेहमीच पडत आला आहे. दुसऱ्याच्या संदेशात हळूच शिरावे आणि त्याचे यंत्र किती दुबळे आहे, हे चारचौघांत सिद्ध करून दाखवावे, असा तो मोह होय. अशा प्रयोगात ज्ञान किती आणि कुचेष्टा किती, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

हा मोह आजचा नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्कोनी याने असा दावा केला होता की, आपली यंत्रे विशिष्ट लहरींशी जुळवलेली असल्यामुळे त्यांवरील संदेश तिऱ्हाइताला टिपता येणार नाहीत. लंडनमध्ये नेव्हिल मॅस्केलिन नावाचा एक जादूगार होता. बिनतारी विद्येतही तो चांगला जाणकार होता. समुद्रातील तारांवरून संदेश पाठवणाऱ्या एका कंपनीला मार्कोनीच्या यशाची धास्ती वाटत होती. तिच्या वतीने मॅस्केलिनने मार्कोनीचे संदेश टिपले व १९०२ साली तो वृत्तान्त प्रसिद्धही केला. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही.

४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग यांचे व्याख्यान होते. दूरच्या कॉर्नवॉल परगण्यातून मार्कोनीने पाठवलेला संदेश श्रोत्यांसमक्ष यंत्रावर उमटावा, अशी योजना होती. तो येण्यापूर्वीच यंत्र टकटकू लागले. प्रथम ‘रॅट्स’, म्हणजे ‘उंदीर’, हा एकच शब्द पुनःपुन्हा उमटला आणि त्यामागोमाग मार्कोनीची टवाळी करणाऱ्या काव्यपंक्ती आल्या. फ्लेमिंग यांच्या साहाय्यकाच्या ध्यानात सारा प्रकार आला. पुढे फ्लेमिंग यांनी ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रात पत्र लिहून या कृत्याची गुंडगिरी म्हणून संभावना केली. मॅस्केलिनने त्याच वृत्तपत्रातून उघडपणे उत्तर दिले. जाहीर दाव्याची आपण जाहीर परीक्षा घेतली, असे त्याचे म्हणणे होते.

हे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नव्हते. जो लोकांना गुप्ततेची हमी देतो आणि त्या हमीवर आपला व्यवसाय उभारतो, त्याची हमी पारखून घेण्याचा समाजाला अधिकार आहे. परंतु त्या परीक्षेला परके असे दोन-चार संकेत पुरेसे होते. ते यंत्रात शिरले, त्याच क्षणी जे सिद्ध व्हावयाचे ते सिद्ध झाले. टवाळीच्या ओळींनी ज्ञानात तिळमात्र भर घातली नाही. परीक्षा जेथे संपते, तेथूनच कुचेष्टेचा आरंभ होतो.

शिवाय मार्कोनीने निदान दावा तरी केला होता. हौशी मंडळींच्या मेळाव्यात भाबडेपणाने आलेल्या नवख्याने कोणता दावा केलेला असतो? अमेरिकेतील लास व्हेगास येथे भरणाऱ्या ‘डेफ कॉन’ या मेळाव्यात बिनतारी जाळ्यावरून असुरक्षितपणे पाठवलेली नावे व परवलीचे शब्द टिपून भिंतीवर झळकवण्याची प्रथा पडली आहे. ‘मेंढ्यांची भिंत’ असे तिचे नाव! परवलीचा शब्द पुरता न दाखवता काही अक्षरे झाकण्याचा विवेक तेथेही पाळला जातो, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. ठेच लागल्यावाचून शहाणपण येत नाही, असे या प्रथेचे समर्थक म्हणतात. ते खरेही आहे. पण ठेच लागणे निराळे आणि कोणी पाय आडवा घालून पाडणे निराळे.

त्याच मेळाव्यात २०१० साली एका संशोधकाने मोबाइल दूरध्वनींना फसवणारे बनावट केंद्र उभारून दाखवले. ज्यांची संभाषणे टिपली जाण्याचा संभव होता, त्यांच्यासाठी आवारात आधीच सूचनाफलक लावलेले होते. ज्याला नको असेल, त्याने आपला दूरध्वनी बंद ठेवावा! सूचना दिल्याने प्रयोगाचे तेज कमी झाले नाही. पाहणाऱ्यांना धोका पुरेपूर कळला.

पूर्वसूचना ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. प्रयोग करणाऱ्याला समोरच्याच्या खिशातील यंत्र दिसते, त्यावर काय अवलंबून आहे ते दिसत नाही. आज काही मधुमेही रुग्ण आपला इन्सुलिनचा पंप बिनतारी यंत्राने चालवतात. गमतीखातर सोडलेल्या लहरींनी असे यंत्र अडले, तर ती गंमत कोणाला केवढ्याला पडेल, हे कोणी सांगावे? ज्याला विचारलेच नाही, त्याला ‘माझ्यावर नको’ असे म्हणण्याची संधीच मिळत नाही.

म्हणून या विद्येच्या उपासकाने प्रयोग स्वतःच्या यंत्रावर करावा. दुसऱ्याच्या यंत्रावर करावयाचा तर त्याची संमती घ्यावी. आणि दोष आढळला, तर प्रथम तो दोष दूर करू शकेल त्याच्या कानी घालावा. छंद माणसांना एकत्र आणतो तो परस्परांच्या विश्वासावर. शेजाऱ्याच्या दाराची कडी सैल आहे, हे त्याला सांगणारा त्याचा मित्र ठरतो. आत शिरून भिंतीवर आपले नाव लिहून येणारा कितीही कुशल असला, तरी त्याला कोणी मित्र म्हणणार नाही.