अनुसूचीचा निवाडा कुणी करायचा?

जुलै २०१४. पंढरपूरहून निघालेली धनगर समाजाची पदयात्रा बारामतीत पोचली आणि उपोषण सुरू झालं. मागणी अनुसूचित जमातींच्या आरक्षणाची. भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष देवेंद्र फडणवीस यांनी शब्द दिला, सत्ता आली की पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत निर्णय. ऑक्टोबरात सत्ता आली. समाज आजही भटक्या जमातींच्या साडेतीन टक्क्यांतच आहे.

मुळात मंत्रिमंडळ फार तर शिफारस करू शकतं. घटनेच्या कलम ३४२ प्रमाणे राष्ट्रपतींनी काढलेल्या यादीत भर घालायची तर संसदेला कायदाच करावा लागतो. कोर्टालाही त्या यादीला हात लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हलबा-कोष्टींच्या खटल्यात सांगून टाकलं. यादीतले ‘धनगड’ म्हणजे आम्हीच, ही धनगरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये फेटाळली.

मग मतदारांनीच ठरवावं का? इंदापूर-बारामतीत धनगरांची मतं मोठी, त्यामुळे या मागणीला नाही म्हणायची कुणा उमेदवाराची छाती होत नाही. पण अनुसूचित जमातींच्या ज्या सात टक्के आरक्षणात हा वाटा पडेल, ते ज्यांचं आहे, ते महादेव कोळी आणि ठाकर इंदापूर-बारामतीच्याच जिल्ह्यात, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत राहतात. त्यांचं मत इंदापुरात मोजलं जात नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि इतर आदिवासी आमदारांनी मंत्रालयात सुरक्षा जाळीवर उड्या टाकल्या, त्या याच धास्तीने. थोड्यांचा हक्क असा बहुतांच्या मतांवर सोडणं मला मान्य नाही.

धनगरांचं दुखणं मात्र खरं आहे. जिरायती पट्ट्यातला मेंढपाळ पाण्या-चाऱ्यासाठी बिऱ्हाड घोड्यावर लादून गावोगाव फिरतो. पोरांची शाळा त्यात मोडते. गायरानं आक्रसली, वनखात्याच्या हद्दीत मेंढरं शिरली की दंड. या माणसाला सभेतल्या टाळ्यांसाठी पुन्हा पुन्हा खोटी आशा लावणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे. राज्याने टाटा समाजविज्ञान संस्थेकडून करवून घेतलेला अभ्यास आणि आदिवासी संघटनांचे आक्षेप दोन्ही समोर ठेवून संसदेत उघड चर्चा व्हावी. मत मागायला येणाऱ्या खासदाराला विचारावं, तुम्ही तिथे काय बोललात? आणि चराईची कुरणं, फिरत्या वाड्यांवरच्या पोरांसाठी वसतिगृहं, एवढं तरी राज्याने आजच द्यावं. त्याला ना कोर्ट लागतं, ना संसद.