हौदावरचा फेंस

गतवर्षीं आषाढांत, पालघरजवळील कोळगांवीं आमच्या परसांतल्या हौदाच्या भिंतीला, पाण्याच्या वीतभर वर, पांढऱ्या फेंसाचा गोळा चिकटलेला दिसला. साबणाचा समजून मीं तो खराट्यानें खरवडून टाकिला. मागाहून कळलें, तें झाडबेडकाचें घरटें होतें!

अमरकोशांत बेडकास भेक, मंडूक, वर्षाभू, दर्दुर अशीं नांवें आहेत. झाड सुचविणारें त्यांत एकही नाहीं. आमच्याकडील या चट्टेरी जातीचें शास्त्रीय वर्णन ग्रे नामक इंग्रज पंडितानें १८३० सालीं केलें. बोटांच्या टोकांस चकत्या असल्यामुळें हा भिंतही सहज चढतो व पुष्कळदां न्हाणीघरांत आढळतो. मादी अंगांतील स्राव मागल्या पायांनीं घुसळून फेंस करिते व त्यांत अंडीं घालिते. वरचा थर सुकतो, आंत ओल टिकते. कांहीं दिवसांनीं पिल्लें खालच्या पाण्यांत पडतात. खालीं पाणी नसेल तर सारेंच व्यर्थ. तेव्हां असा गोळा दिसतांच वाचकांनीं खराटा उचलूं नये.

यंदां पुनः तो दिसला, तों हौद धुण्याचा दिवस ठरलेला! सूनबाईंनीं डासांची तक्रार केली. ती रास्तच होती. पाणी बागेचें, पिण्याचें नव्हे, म्हणून आठ दिवसांची मुदत मिळाली. सातव्या दिवशीं नातवानें हांक मारिली. फेंसाखालीं बारीक शेंपट्या वळवळत होत्या.