किल्ल्या कोणाकडे आहेत?

काही वर्षांपूर्वी दिल्लीतील एका कार्यालयाचा कार्यभार मी स्वीकारला. प्रथेप्रमाणे प्रभार-अहवालावर सही केली, कपाटांच्या किल्ल्या मोजून घेतल्या, साठा-नोंदवही तपासली. महिनाभराने एका विधवा निवृत्तिवेतनधारक बाईंची तक्रार आली. त्यांच्या नोंदीतील बँक-खात्याचा क्रमांक कोणीतरी बदलला होता. शोध घेता कळले की डेटाबेसला 'अ‍ॅडमिन' नावाचे एकच खाते असून त्याचा पासवर्ड अकरा जणांना ठाऊक आहे; त्यांपैकी चौघांची बदली झाली होती व एक जण निवृत्तही झाला होता. बदल कोणी केला हे अखेरपर्यंत सिद्ध झाले नाही. बाईंचे पैसे मात्र सात महिने अडकले. कपाटांच्या किल्ल्या मी मोजल्या होत्या. खऱ्या किल्ल्यांबद्दल विचारलेही नव्हते.

आपल्या प्रशासनाला हा विषय नवा नाही. कोषागाराच्या तिजोरीला दोन कुलुपे आणि दोन किल्ल्या दोघांकडे, ही रीत जुनीच आहे. खर्च मंजूर करणारा एक, रक्कम काढणारा दुसरा, तपासणारा तिसरा. मग कागदावरील नोंदी संगणकात जाताच हे शहाणपण आपण का विसरतो?

रिलेशनल डेटाबेसची मूळ कल्पना कॉड यांनी 1970 मध्ये मांडली. त्यांच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसक्यूएल भाषेत अधिकार देण्यास 'ग्रँट' व काढून घेण्यास 'रिव्होक' अशा आज्ञा आहेत. अमुक तक्ता कोणी वाचावा, कोणी नवी नोंद घालावी, कोणी बदलावी, कोणी पुसावी, हे सारे वेगवेगळे ठरविता येते. उत्तम पद्धत अशी, की अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावे. लिपिक, पर्यवेक्षक, अहवाल-वाचक अशा भूमिका कराव्या आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचे खाते देऊन त्या भूमिकेत घालावे. बदली झाली की एका ओळीत त्याला बाहेर काढता येते. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये तर एखाद्या खात्याच्या मालकीचे तक्ते असतील तर ते दुसऱ्याकडे सोपविल्याखेरीज किंवा काढून टाकल्याखेरीज ते खाते नष्टच करता येत नाही. कार्यभार सोपविल्याशिवाय कार्यमुक्ती नाही, हा आपलाच नियम!

डेटाबेस क्लाउडवर गेला की आणखी एक दार उघडते. सेवा देणारी कंपनी इमारत, यंत्रे व वीज सांभाळते; कोणी काय पाहावे हे ठरविण्याची जबाबदारी आपलीच राहते. शिवाय डेटाबेसच्या आतील खाती वेगळी आणि क्लाउडच्या व्यवस्थापन-पटलावरील खाती वेगळी. आत एकही तक्ता वाचण्याचा अधिकार नसलेला मनुष्य, पटलावर पुरेसा अधिकार असल्यास, संपूर्ण डेटाबेसची प्रत काढू शकतो किंवा मुख्य पासवर्ड बदलू शकतो. पुढच्या दाराला दोन कुलुपे लावून मागचे दार उघडे ठेवण्यासारखेच हे.

हे होत का नाही? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला याचे उत्तर सोपे वाटते. अधिकार देणाऱ्याला तो देण्याची काहीच किंमत पडत नाही. नाकारला तर मात्र "काम अडले" असा ठपका लगेच येतो. जास्तीच्या अधिकाराची किंमत पुढे कधीतरी, आणि तीही तिसऱ्याच कोणाला, मोजावी लागते. आमच्या बाबतीत ती त्या बाईंनी मोजली. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या धाकाने सवय लागत नाही. ती कार्यपद्धतीनेच लागते.

म्हणून माझ्या सूचना तीनच आहेत. प्रभार-अहवालात डेटाबेस व क्लाउड या दोन्हींवरील खात्यांची यादी जोडावी. दर तिमाहीस कार्यालयप्रमुखाने ती स्वतः वाचून सही करावी. मुख्य खात्याचा पासवर्ड, तिजोरीच्या दुसऱ्या किल्लीप्रमाणे, सीलबंद लखोट्यात राहावा; तो उघडला तर कारण व वेळ नोंदवावी आणि काम संपताच पासवर्ड बदलावा.

काम अडेल, असे कोणी म्हणेल. तातडी असल्यास मुदतीपुरता अधिकार द्यावा आणि मुदत संपताच काढून घ्यावा. अधिकार देणे सोपे असते. परत घेण्याची तारीख लिहून ठेवणे, हेच प्रशासन.