चालणाऱ्या बाईचं शहर कुठं आहे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एक अक्का लागोपाठ तीन बैठकांना आल्या नाहीत. आधी वाटलं, घरात काही झालं असेल. पूर्व भागात काम करताना ही शंका आधी मनात येतेच. म्हणून घरी गेले. अक्का उंबऱ्यात बसलेल्या, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. समोर सूप रिकामं.

झालं होतं ते असं. कारखान्यात विड्या देऊन त्या परत येत होत्या. फुटपाथवर मोटारसायकली लावलेल्या, म्हणून रस्त्याच्या कडेनं चालत होत्या. मागून ट्रकनं जोरात हॉर्न दिला. घाईनं बाजूला व्हायला गेल्या आणि उघड्या चेंबरच्या कडेवर पाय पडला. मनगट मोडलं. विडी वळणाऱ्या बाईचं मनगट मोडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मजुरी हजार विड्यांवर मिळते. विडी नाही तर मजुरी नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते अक्कांचं एक वाक्य. त्या म्हणाल्या, "माझंच लक्ष नव्हतं, ताई."

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! मार खाऊन आलेली बाई सल्ला केंद्रात बसून हेच म्हणते, माझंच काहीतरी चुकलं. तिचं चुकलेलं नाही, हे तिला पटवून देण्यात आपली कितीतरी वर्षं गेली. पण अक्कांना मी काय म्हणाले? "जपून चालत जा." एम.एस.डब्ल्यू. होऊन, इतकी वर्षं वस्तीत काम करून मीही दोष चालणाऱ्या बाईच्याच पदरात टाकला. घरी आल्यावर त्याची लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून लिहिते आहे.

आपण बाईच्या घरातल्या श्रमाबद्दल बोललो, पाण्याबद्दल बोललो, सरपणाबद्दल बोललो. शहरातलं तिचं चालणं मात्र आपण श्रमात धरलंच नाही. जरा एका दिवसाचा हिशेब मांडून पाहा. सकाळी मुलाला बालवाडीत सोडायचं. वळलेल्या विड्यांची पिशवी घेऊन कारखाना गाठायचा, तिथं ताटकळायचं, छाट निघेल ती सोसायची, पानं-तंबाखू घेऊन परतायचं. वाटेत रेशन, भाजी, सासूचं औषध. संध्याकाळी पुन्हा बाहेर. घरात एखादी गाडी असलीच तर ती नवऱ्याची किंवा मुलाची. पुरुष बहुतेक वेळा घरून कामावर आणि कामावरून घरी असा सरळ जातो. बाई चार ठिकाणी थांबत, हातात ओझं आणि कडेवर मूल घेऊन जाते. रस्त्यांचे आराखडे मात्र त्या सरळ जाणाऱ्या गाडीसाठीच केले जातात. चर्चा असते ती उड्डाणपुलांची. फुटपाथ उरलेल्या जागेत, उरलेल्या पैशात.

खरं म्हणजे सोलापूर हे पायी चालणाऱ्यांचंच शहर होतं. जुनी मिल 1877 सालची. मिलचा भोंगा झाला की चाळींतून, पेठांतून माणसं पायी निघायची. साखर पेठ, मंगळवार पेठ, बाळीवेस, तुळजापूर वेस इथले बोळ आणि रस्ते पावलांच्या आणि बैलगाडीच्या मापाचे आहेत. घर, बाजार, देऊळ, दर्गा, शाळा, दवाखाना, सगळं हाकेच्या अंतरावर. आज मोठमोठी शहरं लाखो रुपये मोजून तज्ज्ञांना विचारताहेत की सगळं चालत्या अंतरावर कसं आणायचं. आपल्याकडं ते आहेच. आहे तेवढंही आपण गाड्यांखाली घालत आहोत.

जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारनं स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरं जाहीर केली. त्यात सोलापूर होतं. ती योजना मार्च 2025 मध्ये संपली. सिद्धेश्वर तलाव, किल्ला, पार्क चौक या मध्यभागात काही रस्ते नव्यानं झाले, फरशी बसली, दिवे लागले. मी त्याला नावं ठेवत नाही. तिथल्या चांगल्या फुटपाथवरून चालताना मलाही बरं वाटतं. पण पूर्व भागातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या बहुतेक वस्त्या त्या आखणीच्या बाहेर राहिल्या. ज्या बाया सगळ्यात जास्त चालतात, त्यांच्या वाटेला काहीच आलं नाही. सुशोभीकरण म्हणजे बघणाऱ्यासाठी केलेलं काम. आम्हाला हवं आहे ते चालणारीसाठी केलेलं काम.

अक्कांच्या प्रसंगानंतर आम्ही गटातल्या अकराजणी एका सकाळी कन्ना चौकातून निघालो आणि मधल्या मारुतीवरून नवी पेठेपर्यंत चालत गेलो. एकीच्या कडेवर मूल, एकीच्या डोक्यावर भाजीची पाटी, एक गुडघेदुखीनं हैराण. गटातली एक मैत्रीण शिवणकाम करते, तिचा टेप बरोबर घेतला. रस्त्यांसाठी सरकारमान्य मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं 2012 साली पादचाऱ्यांसाठी नियम दिलेले आहेत. राहत्या भागात फुटपाथची मोकळी रुंदी निदान 1.8 मीटर, म्हणजे साधारण सहा फूट हवी. बाजारपेठेत 2.5 मीटर, म्हणजे आठ फुटांहून जास्त. आणि फुटपाथची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे वीतभराहूनही कमी.

आमचा टेप बऱ्याच ठिकाणी उलगडायची गरजच पडली नाही. कुठं फुटपाथच नाही. कुठं आहे तर दुकानाच्या पायऱ्या त्यावर उतरलेल्या. कुठं डीपी, कुठं फलक, कुठं कमानीचे खांब, आणि जवळजवळ सगळीकडं दुचाक्या. काही ठिकाणी फुटपाथ इतका उंच की गुडघेदुखीवाली मैत्रीण म्हणाली, "ह्याच्यावर चढायला मला शिडी द्या." दर चार दुकानांनंतर चढायचं आणि उतरायचं, त्यापेक्षा बाई सरळ रस्त्यावरून चालते. मग तिला शिस्त नाही, असं म्हटलं जातं.

यावर एक सोपा उपाय लगेच सुचवला जातो. अतिक्रमण हटवा. आणि हातोडा सगळ्यात आधी कुणावर पडतो? पायरी वाढवणाऱ्या दुकानदारावर नाही, गाडी लावणाऱ्यावर नाही. तो पडतो भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईवर. म्हणून या प्रश्नात आपल्याला फार सावध राहायला हवं. चालणारी बाई आणि फुटपाथवर विकणारी बाई यांचं भांडण लावून देणं सगळ्यांनाच सोयीचं आहे. पण त्या दोघी वेगळ्या नाहीतच. आमच्या गटात सकाळी विड्या देऊन दुपारी लिंबं-कोथिंबीर विकणाऱ्या बाया आहेत. पाटीला जागा किती लागते आणि चारचाकीला किती? संध्याकाळी उशिरा रस्त्यावर भाजीवाली बसलेली असली तर मुलींना तिथून जायला भीती वाटत नाही, हेही आम्ही वस्तीत वारंवार ऐकलंय. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं शहर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी निदान 40 टक्के असावेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असाव्यात, असं म्हटलंय. आपल्या गावच्या समितीत त्या बायका कोण, त्यांना बैठकीचं बोलावणं जातं का, हे आपण कधी विचारलंय का?

दुसरी गोष्ट, नुसतं चालण्याची नाही, थांबण्याची. चौकाचौकांत टपरीपाशी पुरुष तासन् तास उभे असतात, त्यांना कुणी कारण विचारत नाही. बाईला रस्त्यावर असायला कारण लागतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये मुंबईच्या संदर्भात एक पुस्तक लिहून हाच प्रश्न मांडला, बायकांनी नुसतं रेंगाळायचं का नाही? आमच्या अक्कांना रेंगाळायची चैन परवडणारी नाही, पण बसायची गरज आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा 43-44 पर्यंत जातो. त्या उन्हात पाठीवर पानांचं ओझं घेऊन चालणारीला वाटेत एक सावली, एक बाक, एक पाण्याचा नळ आणि एक स्वच्छ मुतारी मागण्याचा हक्क आहे की नाही? मुतारी नाही म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुंबईत 2011 पासून संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली तेव्हा अनेकांनी हसून घेतलं. हसणाऱ्यांना भिंती मोकळ्या होत्या.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतील, आपल्यापुढं प्रश्न काय कमी आहेत? नळाला रोज पाणी नाही, गिरण्या बंद पडल्या, विडीचा धंदा आक्रसतोय, पोरी लहान वयात उजवल्या जाताहेत, आणि तू फुटपाथचं काय घेऊन बसलीस? प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं की त्या प्रत्येक प्रश्नाकडं जाणारी वाट रस्त्यावरूनच जाते. पोलीस चौकी, कोर्ट, दवाखाना, शाळा, बैठक, सगळीकडं बाईला आधी पोचावं लागतं. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं. पण स्टँडपर्यंत तिला चालतच जायचं असतं. शहरातल्या बसगाड्या वर्षानुवर्षं कमी होत गेल्या, तेव्हा शेअर रिक्षाचे पैसे नाहीत ती चालू लागली. वाट धोक्याची असली की मुलीची शाळा सुटते, आणि शाळा सुटली की लग्न जवळ येतं. हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

आणि हा जीवाचाही प्रश्न आहे. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले. शहरातून जाणाऱ्या जडवाहतुकीविरुद्ध सोलापुरात आंदोलनं झाली आहेत, ती उगाच नाहीत. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वापरता येण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे आता आपण उपकार मागत नाही. मात्र त्याच आदेशात फुटपाथ मोकळे ठेवायलाही सांगितलंय. त्याचा अर्थ आपण लावला नाही तर दुसरा कुणी लावेल, आणि तो पाटीवालीच्या विरोधात लावेल.

हे होण्यासारखं नाही, असं मात्र कुणी सांगू नये. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरानं 2002 मध्ये मारियाहिल्फ नावाचा एक भाग निवडला आणि बायका कशा चालतात ते बघून तिथं फुटपाथ रुंद केले, दिवे लावले, रस्ता ओलांडायच्या जागा सुधारल्या. व्हिएन्ना लांब आहे म्हणाल तर आपल्या गड्ड्याच्या यात्रेकडं बघा. जानेवारीत नंदीध्वजांच्या मिरवणुकीआधी त्या मार्गावरचे खड्डे बुजतात, लोंबणाऱ्या तारा वर जातात. नंदीध्वजाला अडथळा होऊ नये म्हणून सगळी यंत्रणा मार्ग पायी बघत फिरते. ते योग्यच आहे, श्रद्धेचा मान राखायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच, जी यंत्रणा वर्षातून चार दिवस मार्ग मोकळा करू शकते, तिला उरलेले दिवस ते जमत नाही हे खरं नाही.

म्हणून आमच्या गटानं ठरवलंय ते तुमच्यापुढं ठेवते. प्रत्येक गटानं आपल्या वस्तीतली एक रोजची वाट निवडावी. कारखान्याची, शाळेची किंवा बाजाराची. ती एकदा सकाळी आणि एकदा दिवेलागणीनंतर सगळ्यांनी मिळून चालावी. टेप घ्यावा, वही घ्यावी. कुठं पाय मुरगळतो, कुठं अंधार, कुठं टोळकं, कुठं सावली, कुठं मुतारी, हे लिहावं. ते लिहिलेलं घेऊन वॉर्ड ऑफिसात जावं. महापालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. त्या जागांवरच्या बायांना आपल्याबरोबर ती वाट एकदा चालायला लावावी, गाडीतून नाही, पायी. अंदाजपत्रकात फुटपाथ, झाडं, दिवे आणि मुताऱ्यांवर किती ठेवले आणि किती खर्च झाले, हे दरवर्षी विचारावं. आणि फुटपाथ मोकळा करण्याच्या प्रत्येक मागणीत एक वाक्य न चुकता घालावं: आधी गाड्या आणि पायऱ्या, विक्रेत्या बायांना त्यांच्याच रस्त्यावर ठरलेली जागा.

अक्कांचा हात आता बरा आहे, पण पूर्वीइतक्या विड्या होत नाहीत. गेल्या महिन्यात आमच्या अकराजणींचं निवेदन लिहून झालं, तेव्हा सही कुठं करायची ते त्यांनी विचारलं. त्याच मनगटानं त्यांनी तेलुगूत आपलं नाव सावकाश लिहिलं. मग म्हणाल्या, "ताई, त्या चेंबरला झाकण नव्हतं, हे लिहिलंय ना?"

लिहिलंय, अक्का. माझंच लक्ष नव्हतं, असं या वेळी कुणीही लिहिलेलं नाही.