व्हिसा एकाचा, प्रवास दोघांचा

आपल्या त्रैमासिकात परदेशातील आयुर्वेदाविषयी जे लेखन येते, ते बहुधा आयुर्वेदाच्या वाढत्या लोकप्रियतेविषयी असते. ते वाचून समाधान वाटते. परंतु विवाहानंतर पतीसमवेत परदेशी गेलेल्या आपल्याच अनेक वैद्य भगिनींचे व्यवसायजीवन तेथे पोहोचताच थांबते, याची चर्चा आपल्यात क्वचितच होते. त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा हा प्रयत्न.

माझ्या चिकित्सालयात तीन वर्षे सहायक म्हणून काम केलेली एक वैद्य २०१७ मध्ये अमेरिकेस गेली. पंचकर्मात तिचा हात चांगला होता, रुग्णही तिच्यावर विश्वास ठेवीत. पती संगणक अभियंता. पेढे घेऊन ती आली तेव्हा मी सहज विचारले, “कोणत्या व्हिसावर जाणार?” ती म्हणाली, “ते सगळं यांची कंपनी बघते, सर.” मी आशीर्वाद दिला; पुढचा प्रश्न विचारला नाही. तो दोष माझाही आहे.

पुढे कळले ते असे. कंपनीने तिच्या पतीपुढे एच-१बी आणि एल-१ असे दोन्ही मार्ग ठेवले होते. नोकरी बदलण्याची मोकळीक मिळते म्हणून त्याने एच-१बी निवडला. त्यामुळे पत्नीस एच-४ व्हिसा मिळाला. एल-१ घेतला असता तर तिला एल-२ मिळाला असता आणि त्या वेळीही एल-२ धारकास अर्ज करून कामाचा परवाना मिळत असे. एच-४ धारकास मात्र तशी मुभा नव्हती व आजही सरसकट नाही. मे २०१५ पासून काही एच-४ धारकांना परवाना मिळू लागला. परंतु त्यासाठी सामान्यतः एच-१बी धारकाच्या ग्रीन कार्ड प्रक्रियेतील आय-१४० हा अर्ज मंजूर असावा लागतो. तिच्या पतीच्या कंपनीने ती प्रक्रिया लांबणीवर टाकली. पाच वर्षांनी ती भेटीस आली, एक दिवस माझ्याजवळ बसली. नाडीवर बोटे ठेवताना ती थबकली आणि म्हणाली, “सर, पाच वर्षांत मी एकाही रुग्णाला औषध लिहून दिलेलं नाही.”

यात पतीचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. निर्णय झाला तेव्हा दोघांनाही माहिती नव्हती, हेच खरे कारण. ज्या निर्णयाने दोघांची पुढील काही वर्षे ठरतात, तो एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या पत्रावर होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

येथे दोन कुलपे आहेत हे ध्यानात घ्यावे. पहिले कुलूप व्हिसाचे : जोडीदारास त्या देशात काम करण्याचा अधिकार आहे काय? दुसरे व्यवसायाचे : आपली बी.ए.एम.एस. पदवी तेथे चिकित्सेसाठी मान्य आहे काय? पहिले उघडले म्हणजे दुसरे उघडतेच असे नाही.

अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वरील पती वा पत्नीस वेगळ्या परवान्याविना काम करता येते. मात्र एल-१ धारक त्याच कंपनीशी बांधलेला राहतो आणि त्याची कमाल मुदत प्रकारानुसार पाच किंवा सात वर्षांची असते. लाभ-हानी दोन्ही बाजूंस आहेत. त्या दोघांनी मिळून तोलाव्यात. शिवाय अमेरिकेतील एकाही राज्यात आयुर्वेद चिकित्सकास शासकीय परवाना देण्याची पद्धत नाही, म्हणून दुसरे कुलूप तेथे बंदच समजावे.

जर्मनीत ब्ल्यू कार्डधारकाच्या जोडीदारास कोणतीही नोकरी करता येते. पण रोगचिकित्सा करण्याचा अधिकार तेथे मान्यताप्राप्त डॉक्टर किंवा १९३९ च्या कायद्याखालील ‘हाइलप्राक्टिकर’ यांनाच आहे. ब्रिटनमध्ये पदवीस्तरीय कामासाठी स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदारास जवळपास सर्व नोकऱ्या खुल्या आहेत. केअर वर्कर म्हणून जाणाऱ्यांची जोडीदारास सोबत नेण्याची सोय मात्र ११ मार्च २०२४ पासून बंद झाली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून होणारी ती भरतीही थांबली. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचा खुला परवाना निवडक व्यवसायांपुरता मर्यादित केला. संयुक्त अरब अमिरातीत चित्र निराळे आहे. पतीच्या व्हिसावर राहूनही पत्नीस नोकरीसाठी परवाना मिळू शकतो आणि पदवीची पडताळणी व परीक्षा यांतून गेल्यास आयुर्वेद चिकित्सक म्हणून अधिकृत नोंदणीही होते. तेथे दोन्ही कुलपांना किल्ली आहे.

कोणी म्हणेल, अमेरिकेत चिकित्सा करताच येत नसेल तर कामाच्या परवान्याचा उपयोग काय? उपयोग आहे. अध्यापन, वैद्यकीय संशोधनातील साहाय्य, रुग्णालयांचे प्रशासन, आहारविषयक कार्य अशी क्षेत्रे सुशिक्षित व्यक्तीस त्या परवान्यानेच खुली होतात. परवाना नसताना भारतातील रुग्णांस तेथून दूरध्वनीवर सशुल्क सल्ला देणे हेही काम ठरू शकते आणि व्हिसा धोक्यात येऊ शकतो, हे अनेकींना ठाऊक नसते.

दुसरा आक्षेप असा, की एकाने अर्थार्जन करावे व दुसऱ्याने घर पाहावे यात गैर ते काय? काहीच नाही. मुले लहान असताना कित्येक जोडपी तसे ठरवितात. पण ठरविणे वेगळे आणि विमानातून उतरल्यावर कळणे वेगळे. पहिल्यात विसावा असतो, दुसऱ्यात मन खचते.

म्हणून जाण्यापूर्वी जोडप्याने काही प्रश्न कागदावर लिहून काढावेत. कोणकोणते व्हिसा उपलब्ध आहेत? प्रत्येकावर जोडीदारास पहिल्या दिवसापासून काम करता येईल, की काही वर्षांनी, की मुळीच नाही? मुख्य व्यक्तीची नोकरी गेली तर दोघांचे काय? वैद्याच्या पात्रतेवर प्रथम अर्ज करणे एखाद्या देशात अधिक हिताचे आहे काय? याची उत्तरे दलालाकडून न घेता त्या त्या देशाच्या शासकीय माहितीतून घ्यावीत आणि अर्जाच्या वेळी पुन्हा तपासावीत. कारण हे नियम वर्षागणिक बदलतात. येथील कौन्सिलकडील नोंदणी व तिचे नूतनीकरणही परदेशी असताना चालू ठेवावे. परतीची वाट त्यामुळे मोकळी राहते.

आपल्या संघटनेस माझी विनंती आहे, की प्रत्येक शाखेने आंतरवासितेतील विद्यार्थ्यांसाठी वर्षातून एकदा या विषयावर व्याख्यान ठेवावे आणि परदेशी गेलेल्या वैद्यांना तेथे अनुभव सांगण्यास बोलवावे. आपण ज्येष्ठांनीही एक पथ्य पाळावे. पुढच्या वेळी कोणी पेढे घेऊन येईल, तेव्हा पेढा तोंडात घालण्यापूर्वी विचारावे, “त्या व्हिसावर तुला काम करता येईल का, बेटा?” मी हल्ली विचारतो. २०१७ साली विचारावयास हवे होते.