दीपोत्सवात वायूचेही स्मरण असावे

दीपावली हा प्रकाशाचा उत्सव. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी अहिल्यानगरच्या कापडबाजारात, माळीवाड्यात दारोदारी पणत्या उजळतात, चोपड्यांचे पूजन होते आणि पाठोपाठ फटाक्यांचा धूर गल्लोगल्ली दाटतो. हा धूर पुढे जातो कोठे, याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. तो करावा, एवढीच आमची विनंती आहे.

या नगराच्या जुन्या पेठेतील गल्ल्या अरुंद आहेत. दुतर्फा उंच घरे असलेल्या गल्लीवरून वारा आडवा वाहू लागला, की तो छपरांवरूनच निघून जातो. खाली हवेचा भोवरा तेवढा फिरत राहतो आणि धूर तेथल्या तेथेच घुमतो. वारा गल्लीच्या दिशेने वाहिला, तरच ती मोकळी होते. त्यातच या दिवसांतील निरभ्र रात्री वारा बहुधा मंद असतो. सूर्यास्तानंतर भूमी निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. त्याखाली कोंडलेला धूर पाडव्याच्या पहाटेपर्यंत रेंगाळू शकतो आणि माजघरात निजलेल्या वृद्धांच्या व तान्ह्या बालकांच्या श्वासात उतरतो.

याच जिल्ह्यात सुप्यानजीक कवड्या डोंगरावर वाऱ्याच्या बळावर पवनचक्क्या फिरतात. विजेसाठी डोंगरावरचा वारा मोजावयाचा, तर श्वासासाठी पेठेतला वारा का मोजू नये? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘सफर’ उपक्रमाद्वारे हवेच्या शुद्धाशुद्धतेचा अंदाज वर्तविण्याची वाट दाखविली आहे. आपल्या महाविद्यालयांतील तरुणांनी गच्चीवर आणि खाली गल्लीत एकाच वेळी वाऱ्याची दिशा व वेग नोंदवून ठेवला, तरी कोठे धूर कोंडतो ते उमगेल.

‘फटाक्यांवाचून दिवाळी कसली?’ असे कोणी विचारील. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली आणि सामुदायिक आतषबाजीसाठी जागा निश्चित करण्याचेही सुचविले. मुलांचा हट्ट पुरवावयाचाच असेल, तर तो गल्लीत नव्हे, मोकळ्या मैदानात आणि त्या वेळेतच पुरवावा.

वायू हे पंचमहाभूतांपैकी एक. मारुतीरायाला आपण वायुपुत्र म्हणूनच वंदन करतो. याच जिल्ह्यातील नेवाशात ज्ञानेश्वर माउलींनी साऱ्या विश्वासाठी पसायदान मागितले. आपण निदान शेजारच्या घरातील श्वासाची काळजी वाहिली, तर लक्ष्मीचे पाऊल आपल्या उंबरठ्यावर अधिक प्रसन्नतेने पडेल, अशी आमची श्रद्धा आहे.